पोटात ठेवणारे काका

दसरा सरला, की आपल्या घरांना दिवाळीचे वेध लागतात. स्वयंपाकघरात भाजणीचा खमंग वास दरवळू लागतो आणि बाहेर मुलांची किल्ल्याच्या मातीसाठी धावपळ सुरू होते. आमच्या लहानपणी इंदूरला वाड्याच्या चौकात किल्ला होत असे. आता तो सदनिकेच्या गॅलरीत, नाही तर इमारतीच्या जिन्याखाली होतो. परंतु होतो, हे महत्त्वाचे. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या आपल्या घरांनी भाषा थोडी हिंदीत भिजू दिली, पोह्यांवर शेव पसरली, पण दिवाळीचा किल्ला काही सोडला नाही.

यंदा किल्ल्यावर शिपाई मांडताना माझ्या नातीने त्यांतला एक उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि विचारले, "आजी, बाकीचे सगळे नुसते उभे आहेत. हा एकटाच बघतो आहे. असं का गं?"

मी तिला काहीतरी उत्तर दिले. परंतु त्या प्रश्नाने मला रात्री झोप लागू दिली नाही. या सदरातून आजवर मी पुष्कळ माणसांविषयी लिहिले. ज्यांनी तो शिपाई घडवला, त्यांच्याविषयी लिहायचे मात्र मी टाळीत आले. ते माझ्यावरचे ऋण आहे म्हणून नव्हे. ऋणाविषयी लिहिणे सोपे असते. त्या ऋणाच्या पोटात माझी एक चूक आहे, आणि चुकीविषयी लिहायला धैर्य लागते. वय झाले म्हणजे धैर्य येते असे नाही, पण वेळ थोडा उरला आहे हे उमगते. असो.

त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. त्यांना ते आवडले नसते. लहानमोठे सारेच त्यांना 'काका' म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. काका रामबागेत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहत. शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर संध्याकाळी पाच ते आठ ते घरीच भेटत. मानसशास्त्र हा त्यांचा विषय आणि समुपदेशन हे त्यांचे काम. त्या काळी आपल्याकडे हा शब्द कोणाला ठाऊक नव्हता. आमच्या सासूबाई म्हणत, "ते समजूत काढतात." काका हसून दुरुस्ती करीत, "समजूत काढीत नाही वहिनी, समजून घेतो. समजूत काढायला घरची माणसे पुष्कळ असतात." आणखी एक वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असे : "समुपदेशनात उपदेश हा शब्द आहे खरा, पण उपदेश घरात शिरला, की समोरचा माणूस मागच्या दाराने निघून जातो."

नांदत्या घरातली धुसफूस, परीक्षेत आपटलेला मुलगा, लग्न मोडलेली मुलगी, वृद्धपणी एकटे पडलेले गृहस्थ, असे कितीतरी लोक त्या जिन्यावरून वर जात. आपला समाज किती लहान हे मी सांगायला नको. मंगळागौरीत एकीच्या कानात सांगितलेले गणपतीपर्यंत साऱ्या इंदुरात होते. अशा गावात चाळीस वर्षे लोकांची दुःखे ऐकूनही काकांच्या तोंडून एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी गेली नाही. पोटात ठेवणे हा गुण आपण कौतुकाने सांगतो. त्याची झळ स्वतःला लागते तेव्हा मात्र तो गुण वाटेनासा होतो. ते पुढे येईलच.

काकांचा दुसरा संसार खिडकीजवळच्या टेबलावर मांडलेला असे. तो त्यांच्या चिमुकल्या ऐतिहासिक माणसांचा. तरुणपणी त्यांना महूच्या जुन्या बाजारात शिशाच्या विलायती शिपायांची एक अर्धी पेटी मिळाली होती. विल्यम ब्रिटन याच्या लंडनच्या कारखान्याने १८९३ साली आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतण्याची युक्ती काढली. माल हलका झाला, स्वस्त झाला आणि इंग्रज जेथे जेथे गेले तेथे तेथे हे शिपाईही त्यांच्या मुलांबरोबर गेले. काकांच्या पेटीतले सारे शिपाई लाल डगल्यांचे होते. "आपल्याकडचे त्यात कोणीच नव्हते," काका सांगत. "लढाई म्हटली, की दोन बाजू हव्यात ना? म्हणून दुसरी बाजू मी घडवायला घेतली."

ती दुसरी बाजू घडवण्याची रीत मोठी पाहण्यासारखी होती. तांब्याच्या बारीक तारेचा सांगाडा करायचा. त्यावर नळाची गळती बुजवायला आपण वापरतो त्या एम-सीलचे दोन भाग एकत्र मळून मांस चढवायचे. ते काही तासांत दगडासारखे होते, तोवर सुईने आणि दातकोरण्याने पागोट्याचे पीळ, अंगरख्याच्या चुण्या आणि कमरेचा शेला कोरून घ्यायचा. पुरे माणूस चोपन्न मिलिमीटरचे, म्हणजे दोन इंचांहून किंचित उंच. मग करड्या रंगाचा अस्तर-हात, आणि त्यावर पाण्यासारखे पातळ केलेले रंग एकावर एक. पहिला हात वाळल्यावाचून दुसरा द्यायचा नाही. गडद रंगाचे पाणी चुण्यांच्या खोबणीत सोडायचे, म्हणजे सावली आपोआप बसते. जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवायचा, म्हणजे ऊन पडल्यासारखे दिसते. कुंचल्याचे टोक ओठांनी सारखे करण्याची खोड कोणा मुलाला असली, तर काका तेवढ्यापुरते कठोर होत. शिसे आणि काही रंग पोटात गेले तर विषच आहेत.

डोळ्यांची आखणी, मूर्तिकाराच्या रीतीप्रमाणे, सर्वांत शेवटी. एवढ्याशा माणसाचा डोळा जेमतेम एक मिलिमीटरचा. पांढऱ्याचा एक ठिपका, त्यावर काळ्याचा टिंबाएवढा स्पर्श, वरच्या पापणीची केसाएवढी रेघ. त्या वेळी काका श्वास रोखून धरीत आणि खोलीत बसलेला माणूसही नकळत श्वास रोखी. भिंगातून पाहिले, की शिपाई पाहू लागलेला असे.

पोशाखासाठी ते कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर कोरलेले शिपाई तासन्‌तास न्याहाळीत, महेश्वरला जाऊन कोरीव कामांची रेखाटने करून आणीत. त्यांनी महाराजे आणि सरदार फार थोडे घडवले. त्यांच्या फळीवर पखालीने पाणी वाहणारा भिस्ती होता, तोफेच्या बैलांचा हाक्या होता, जखमी सोबत्याला पाठीवर घेतलेला पायदळाचा शिपाई होता. विषय बहुधा एकच : महीदपूरची लढाई. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी सर टॉमस हिस्लॉपच्या इंग्रज फौजेने होळकरांचा पराभव केला, तीच ही लढाई. मी एकदा विचारले होते, "काका, हरलेली लढाईच का?" ते म्हणाले, "जिंकलेल्यांना रंगवणारे पुष्कळ असतात, ताई."

पानिपताचा विषय निघाला, की आपल्याकडे वाद ठरलेला. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवशी मल्हारराव होळकर रणातून निघाले, याबद्दल पुण्याकडचा पाहुणा एक बोलतो आणि इंदूरचा यजमान दुसरे. काका दोघांनाही चहा देत आणि म्हणत, "कोण का निघून गेला याचा निकाल देण्यापूर्वी त्याला एकदा ऐकून घ्यायला हवे होते. मल्हारराव तर १७६६ साली आलमपूरला वारले. आता जे जिवंत आहेत, त्यांना तरी ऐकून घेऊ."

टेबलाखाली त्यांची एक मोठी जस्ताची परात असे. तिच्यात नर्मदेची बारीक वाळू. बोलायला आलेले मूल बोलत नसेल, तर काका ती परात पुढे सरकवीत आणि फळीकडे बोट दाखवीत. मुलाने हवी ती माणसे घ्यावीत आणि वाळूत हवी तशी मांडावीत. काका काही विचारीत नसत. फार तर "हा इथे एकटा उभा आहे वाटते" एवढेच म्हणत.

हा त्यांचा खेळ नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा वाचनातून कळले. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने आपल्या मुलांबरोबर जमिनीवर खेळलेल्या खेळांवर १९११ साली 'फ्लोअर गेम्स' हे पुस्तक लिहिले आणि १९१३ साली चिमुकल्या शिपायांच्या लढायांवर 'लिटल वॉर्स'. त्यातले पहिले पुस्तक मार्गारेट लोवेनफेल्ड यांच्या स्मरणात राहिले होते. त्यांनी १९२८ साली लंडनमध्ये मनाने अडखळलेल्या मुलांसाठी चिकित्सालय काढले, तेव्हा तेथे खेळण्यातली चिमुकली माणसे, जनावरे, घरे यांची पेटी ठेवली. वाळूचे तबकही होते. मुलांनीच या दोहोंची सांगड घातली आणि त्या मांडणीला 'जग' म्हणू लागली. पुढे स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ यांनी लंडनला जाऊन ही रीत पाहिली आणि युंग यांच्या मानसशास्त्राच्या आधारे ती वाढवली. मूल मनातले शब्दांत सांगू शकत नाही, कारण शब्द सापडण्याइतके ते दुःख त्याच्यापासून दूर गेलेले नसते; पण दोन इंचांच्या माणसाच्या अंगावर ते घालून दाखवू शकते. तबकाला कडा असतात, दुःख कडेबाहेर सांडत नाही, हेही त्यातले मर्म. काकांनी तबकाच्या जागी आपली परात घेतली आणि विलायती वाळूच्या जागी नर्मदामाईची, एवढेच.

आता माझी गोष्ट.

१९९७ च्या पावसाळ्यात माझे यजमान अकस्मात गेले. मी दोन दिवसांसाठी देवासला माहेरी गेले होते. घरी ते आणि अकरावीतला आमचा मुलगा. सकाळी कचेरीला निघाले, वाटेतच कोसळले. दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीच सारे आटोपले होते. मी परत आले ती भरल्या घरात.

वाचकहो, ज्याचे माणूस असे न सांगता जाते, त्याला शेवटच्या क्षणाचे एक वेड लागते. ते काय जेवले होते? कोणता सदरा घातला होता? निघताना काय बोलले? याची उत्तरे देऊ शकेल असा एकच जीव होता, आणि मी त्याला विचारीत राहिले. "सकाळी निघताना बाबा काय म्हणाले रे?" जेवताना विचारी, दिवा लावताना विचारी. "काही नाही" म्हणून तो उठून जाई. मला वाटे, मुलगा कोरडा आहे, बापाचे शब्द आईला सांगायचेही त्याच्या जिवावर येते. हळूहळू त्याचे बोलणेच बंद झाले. सहामाहीत तो सगळ्या विषयांत नापास झाला. रात्री त्याच्या खोलीतला दिवा जळत असे आणि पुस्तक उघडलेले नसे.

शेवटी दिरांनी त्याला काकांकडे नेले. काकांनी पहिले तीन आठवडे त्याला काही विचारले नाही असे म्हणतात. तो जाई, रंग कालवी, परत येई. हाताला रंगाचे डाग बघून माझा संताप होई. पोराचे वर्ष बुडते आहे आणि हे त्याला बाहुल्या रंगवायला बसवतात!

चौथ्या आठवड्यात काका आमच्या घरी आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "ताई, दोन गोष्टी सांगायला आलो आहे. दोन्ही सांगण्याची परवानगी मी त्याच्याकडून घेतली आहे. पहिली, काही दिवस त्याला रात्री एकटे झोपू देऊ नका; घरात औषधे असतील ती कुलपात ठेवा. असे बोलायची वेळ येते तेव्हा मी गप्प राहत नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते. दुसरी, त्या दिवशी सकाळी बाबा काय बोलले, हा प्रश्न त्याला पुन्हा विचारू नका."

पहिल्या गोष्टीने माझ्या पायांखालची जमीन सरकली. दुसरीने मी पेटले. "का विचारू नको? माझ्या नवऱ्याचे शेवटचे शब्द विचारण्याचा मला अधिकार नाही? त्याने तुम्हाला सांगितलेले दिसते. मग मला सांगा."

"ते सांगायचे तर तोच सांगेल. मी नाही."

"मी त्याची आई आहे."

"म्हणूनच," ते शांतपणे म्हणाले. "आईला सांगणे सगळ्यांत अवघड असते."

मी त्यांना काय काय बोलले ते आठवले तरी आज मान खाली जाते. परक्या माणसाने मायलेकरांत पडू नये, म्हणाले. स्वतःला मूलबाळ नसलेल्याने आईला शिकवू नये, असेही म्हणाले. काकांनी सारे ऐकून घेतले. उठताना फक्त एवढे म्हणाले, "त्याला माझ्याकडे येऊ द्या, म्हणजे झाले. माझ्यावर राग ठेवलात तरी चालेल."

मी मुलाला जाऊ दिले आणि राग ठेवला. दोन्ही गोष्टी मी तंतोतंत पाळल्या. रात्री त्याच्या खोलीत अंथरूण घातले, औषधांच्या डब्याला कुलूप लावले, आणि तो प्रश्न ओठांवर आला, की देवघरात जाऊन बसले. मुलगा सावरला. एक वर्ष गेले, पण बारावी नीट पार पडली. पुढे शिकला, नोकरीला लागला, लग्न झाले. काका रस्त्यात भेटले, की मी नमस्कार करी आणि चालू लागे. २००९ साली ते वारले. मी रीत म्हणून भेटून आले. फळीवरची माणसे तशीच उभी होती. मी त्यांच्याकडे धड पाहिलेही नाही.

२०२४ च्या दिवाळीत मुलगा सहकुटुंब घरी आला होता. लेकीबरोबर किल्ला करता करता त्याने आपल्या जुन्या पेटीतून एक लहानसे माणूस काढले. शिपाई नव्हे, डोक्यावर मोठे पागोटे असलेला एक मुलगा. नात झोपल्यावर तो माझ्याजवळ बसला आणि कोणी न विचारता बोलू लागला.

आदल्या संध्याकाळी त्याने बाबांची स्कूटर नेली होती आणि पेट्रोल संपवून तशीच आणून लावली होती. सकाळी ती सुरू होईना. बाबा रागावले, हा उलट बोलला. "तुमच्या स्कूटरचं मला काय सांगता," असे म्हणून त्याने दार लावून घेतले. बाबा पायी निघाले. दारापलीकडून त्यांचे शेवटचे शब्द आले होते ते असे : "संध्याकाळी आल्यावर बोलू." संध्याकाळ आलीच नाही. सोळा वर्षांच्या मुलाने हिशेब मांडला : स्कूटर चालली असती तर बाबा चालत गेले नसते, चालत गेले नसते तर मेले नसते. आणि रोज जेवणाच्या ताटावर आई त्याला नेमके तेच विचारीत होती.

"काकांनी तुला काय सांगितलं रे?" मी कसेबसे विचारले.

"सांगितलं काहीच नाही. हा घडवायला दिला," त्याने हातातले माणूस दाखवले. "तिसरा मल्हारराव होळकर. महीदपूरच्या दिवशी अकरा वर्षांचा होता. आदल्याच दिवशी, कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच फौजेतल्या लोकांनी मारून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी लढाई. लढाई गेली, पाठोपाठ ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला, निम्मंशिम्मं राज्य गेलं. मी डोळे रंगवीत होतो तेव्हा काकांनी विचारलं, 'गादीवर हा होता. मग लढाई याच्यामुळे हरली असं तू म्हणशील का?' मी म्हटलं, 'छे, तो तर लहान होता. फौजेत आधीपासून फूट होती, तोफा होत्या पण एकोपा नव्हता, कितीतरी वर्षांचं ते सगळं होतं.' काका काही बोलले नाहीत. कुंचला धुवायला उठून गेले. मी तिथे बसलो होतो, आणि आई, मला रडू आलं. बाबा गेल्यावर पहिल्यांदा."

नंतर काकांनी त्याला एका डॉक्टरांकडे नेले होते. रोहिण्या कशा वर्षानुवर्षे आतून अरुंद होत जातात, गुठळी एका सकाळी अडकते पण दुखणे त्या सकाळचे नसते, हे त्या डॉक्टरांनी चित्र काढून त्याला समजावले. काकांनी नुसता धीर दिला नाही; खरे काय ते त्याला जाणत्या माणसाकडून कळवले. धीर आणि सत्य यांत ते कधी अंतर पडू देत नसत.

"मग मला का नाही सांगितलंस इतकी वर्षं?"

"सांगणार होतो. काका म्हणायचे, तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, घाई नाही. मग काका गेले. आणि तू त्यांच्यावर रागावलेली. मला वाटलं, सांगितलं तर तुला आणखी वाईट वाटेल."

वाटलेच. परंतु त्या वाईट वाटण्यात एक मोकळेपणाही होता. सत्तावीस वर्षे मी ज्या शब्दांसाठी तळमळले, ते शब्द मला मिळाले होते. "संध्याकाळी आल्यावर बोलू." माझे यजमान रागाने गेले नव्हते. हे काकांना १९९७ पासून ठाऊक होते. मला एका वाक्यात सांगून माझा राग आणि माझी तळमळ दोन्ही त्यांना मिटवता आली असती, आणि स्वतःवरचा अपवादही. पण तसे केले असते, तर माझ्या मुलाला जगात एकही जागा अशी उरली नसती, की जेथे ठेवलेले तेथेच राहते. त्या एका जागेच्या आधारावर तो तगला. त्यासाठी काकांनी माझा बारा वर्षांचा अबोला सोसला आणि तो घेऊनच ते गेले.

मध्यंतरी मी एकटीच कृष्णपुऱ्याला जाऊन आले. ज्या पोराच्या कपाळी महीदपूरचा पराभव आला, त्याच्याच कारकीर्दीत, १८१८ साली, होळकरांची राजधानी इंदूरला आली. महूची छावणीही त्याच तहातून जॉन माल्कमने वसवली. म्हणजे आपण ज्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या दिवाळ्या केल्या, ते राजधानी झाले एका हरलेल्या लढाईनंतर. काका हरलेल्यांना का रंगवीत, याचे उत्तर मला छत्र्यांच्या पायरीवर बसल्यावर थोडेसे उमगले.

आज दिवस बदलले आहेत. समुपदेशन हा शब्द शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या दुखण्यावर उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही सेवा चालू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला, की दिवसा वा रात्री कोणीतरी ऐकायला असते, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. माझ्या वेळी हे काही नव्हते. रामबागेतला एक जिना होता. आपल्या घरात कोणी गप्प गप्प झाले असेल, खाणेपिणे-झोप बिघडली असेल, 'माझ्यावाचून तुमचे काही अडणार नाही' असे कोणी बोलू लागले असेल, तर लाज न बाळगता मदत मागावी. लोक काय म्हणतील याचा विचार आपल्या लहान समाजात फार होतो. पण लोकांच्या म्हणण्याने कोणाचे मूल वाचलेले नाही.

आणि माझ्यासारख्या आयांना एवढेच सांगावेसे वाटते. मूल दुसऱ्या कोणा शहाण्या माणसापाशी बोलत असेल, तर आपला अपमान झाला असे समजू नये. ते आपल्यापासून दूर जात नसते. कित्येकदा आपल्याकडे परत येण्याची ती लांबची वाट असते. माझ्या मुलाला ती वाट चालायला सत्तावीस वर्षे लागली. त्यातली काही वर्षे माझ्या रागाने वाढवली.

काकांच्या भाच्याने तो संग्रह नीट सांभाळला आहे. दिवाळीपूर्वी मी त्यांच्याकडे गेले, जे बोलायचे ते फळीसमोर उभी राहून बोलले, आणि निघताना धीर करून एक शिपाई मागून घेतला. पाठीवर जखमी सोबती घेतलेला तो. तोच यंदा आमच्या गॅलरीतल्या किल्ल्यावर उभा आहे, आणि शेजारी पागोटेवाला अकरा वर्षांचा राजा.

नातीला मी दुसऱ्या दिवशी तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. "ज्यांनी त्याला घडवलं ना, ते समोरच्या माणसाकडे असंच बघायचे. म्हणून तो बघतो."

"आणि पाठीवरचा तो कोण आहे?"

"तो दमलेला आहे," मी म्हटले. "त्याला विचारू नकोस काही. नुसती त्याच्याजवळ पणती ठेव."